जटायूचे भक्त

इगतपुरी तालुक्यातल्या सर्वतीर्थ टाकेदला महाशिवरात्रीची जत्रा भरते. सीतेसाठी रावणाशी झुंजलेल्या जटायूने इथे प्राण सोडला, अशी श्रद्धा. हात जोडणाऱ्या त्या गर्दीतल्या किती तरुणांनी गिधाड पाहिले असेल? पन्नाशी उलटलेल्यांना आठवत असेल: गावाबाहेर ढोर टाकले की आभाळात घिरट्या सुरू, आणि बघता बघता उरे तो सांगाडा. नगरपालिका नाही, टेंडर नाही, मजुरी नाही. आणि याच पाखराचे नाव आपण प्रेताच्या टाळूवरचे लोणी खाणाऱ्याला शिवी म्हणून दिले!

१९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एखादे उरावे इतकी संपली. लांब चोचीच्या गिधाडांतली शंभरातली सत्त्याण्णव गेली. बंदुकीने कोणी मारली नाहीत. लंगडणाऱ्या बैलाला, कासेला सूज आलेल्या गाईला टोचायची डायक्लोफेनॅक नावाची स्वस्त सुई, हे त्याचे कारण. ते जनावर दगावले आणि औषध अंगात असतानाच गिधाडांनी खाल्ले, की त्यांचे मूत्रपिंड निकामी होई आणि काळीज-यकृतावर युरिक आम्लाची पांढरी पुटे चढत. हे २००४ साली उघड झाले. शंभरात एका मढ्यातही असे विष नसले, तरी जात बुडायला ते पुरते. कारण एका मढ्यावर थवाच्या थवा उतरतो आणि मादी वर्षाला एकच अंडे घालते.

मग मढी कुजू लागली. कुत्री माजली, पाण्याचे साठे नासले. गिधाडे गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख माणसे जास्त मेली, असा अंदाज दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली मांडला. हा आकडा ऐकून कुठे मोर्चा निघाल्याचे मला ठाऊक नाही. पिसाळलेले कुत्रे चावते ते बहुधा अनवाणी पोराला. त्याच्या बापाच्या हाती वर्तमानपत्र नसते.

आपली ही खोड जुनी आहे. ज्यांच्याकडून पिढ्यान्‌पिढ्या मेलेली गुरे ओढून घेतली, त्या माणसांचाच आपण विटाळ मानला. आणि बाबासाहेबांचे ऐकून त्यांनी ते काम नाकारले, तेव्हा गावांनी त्यांच्यावर बहिष्कार घातले. माणसाची पाखराशी बरोबरी मी करत नाही. बोट ठेवतो आहे ते घाण करून वर सोवळे मिरवणाऱ्या गावावर. आपले उकिरडे कोण उपसतो, हे त्याला कधी बघायचेच नसते. गोमातेचा जयघोष करणाऱ्यांनी तरी ती मेल्यावर तिचे काय होते, हे विचारावे की नाही?

सरकारने २००६ साली जनावरांसाठीचे डायक्लोफेनॅक बंद केले. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न बाधणारे औषध तेव्हाही हाताशी होते. पण आपल्या हुशारीला तोड नाही! माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात शिरल्या. त्या मोडून ३ मिलिलिटरवर आणायला २०१५ उजाडले. तसाच घात करणारे कीटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक तर २०२३ पर्यंत राजरोस विकले जात होते. इतकी वर्षे औषधवाल्यांना नफा, गुरे राखणाऱ्याला चार पैशांची बचत आणि अधिकाऱ्याला झोप मिळाली. गिधाडाला मत नसते.

टाकेदला जाणाऱ्यांनी जरूर जावे. पण घरी परतल्यावर गोठ्यात कोणती सुई टोचली जाते ते वाचावे, डायक्लोफेनॅक दिसले तर ते परत करून डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅम मागावे, आणि औषध टोचलेले जनावर दगावले तर ते उघड्यावर न टाकता खोल पुरावे. एवढेही जमत नसेल, तर जटायूपुढे नारळ फोडू नये.