पगडी कोणाच्या मस्तकी?

‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक २०१२ साली रंगभूमीवर आले. शिवरायांची पगडी कोणाच्या मस्तकी नेमकी बसते, याचा शोध त्यात खुद्द यम करीत हिंडतो. लेखक राजकुमार तांगडे, दिग्दर्शक नंदू माधव. नटांत जालना जिल्ह्यातले शेतकरी. राष्ट्रभक्तीचे ठेकेदार म्हणतात, महाराजांना असे नाटकात ओढू नये. मग निवडणुकीच्या फलकावर ओढलेले कसे चालतात? आरमारातला दौलतखान आणि पदरचा काझी हैदर वगळल्यावाचून या मंडळींचे परधर्मद्वेष्टे महाराज उभेच राहत नाहीत. रयतेच्या चाऱ्यालाही हात लावू नका, अशी सैन्याला ताकीद देणारा राजा तर त्यांना अधिकच अडचणीचा!

पण पुरोगाम्यांनीही शहरी नाट्यगृहात टाळ्या वाजवून कृतकृत्य होऊ नये. गोविंद पानसरे यांनी ‘शिवाजी कोण होता?’ हा प्रश्न छोट्या पुस्तिकेतून गावोगाव नेला. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या; त्यातच त्यांचा अंत झाला. जेथे शिवजयंतीची वर्गणी गोळा होते, त्याच मंडपात असे प्रयोग लावण्याचे काम कार्यकर्त्यांनी अंगावर घेतले पाहिजे. वर्गणी तर तेही देतातच.