कोकराचा भाव

भाच्याच्या विहिरीला पाणी लागले तसा त्याचा फोन आला, "मामा, रविवारी या. मटणाचं जेवण ठेवलंय." फलटण तालुक्याच्या त्या कोरड्या, माणच्या बाजूला कललेल्या पट्ट्यात ऐन वैशाखात पाणी लागणे म्हणजे घरात पाळणा हलण्याइतकी मोठी गोष्ट. मी शनिवारी दुपारीच जाऊन पोहोचलो.

भाच्याच्या रानात धनगरांचा वाडा उतरला होता. दिवाळीनंतर कोकणात उतरलेले कळप पावसाळ्याच्या तोंडावर घाटावर परततात. तेव्हा शेतकरी त्यांना रानात मेंढ्या बसवायला सांगतात. रात्रभर मेंढ्या बसल्या की लेंड्या आणि मूत जमिनीत मुरते, धनगराला त्याबद्दल धान्य किंवा रोख मिळते. तर दारात साठ-सत्तर मेंढ्या असताना तालुक्याच्या खाटकाला पैसे कशाला द्यायचे, थेट कोकरूच घेऊ, म्हणजे स्वस्तात पडेल, असे मीच सुचवले. हे आधीच कबूल केलेले बरे, कारण पुढे जे म्हणणार आहे ते प्रथम मलाच लागू आहे.

संध्याकाळी कळप परतला. दिवसभर वाघरीत कोंडलेली कोकरे सोडली, आणि पाच-दहा मिनिटे नुसता कल्लोळ उठला. प्रत्येक कोकरू ओरडत धावते आहे, प्रत्येक मेंढी आपले पिल्लू हुंगून ओळखते आहे आणि परक्याला डोक्याने ढकलून देते आहे! त्या गर्दीत आबा (वाड्याच्या कारभाऱ्याला सगळे आबाच म्हणत होते) शांतपणे उभे होते. कोकरू कसे पारखायचे ते त्यांनी मला दाखवले. पाठीवरून हात फिरवायचा. कण्याची हाडे करवतीसारखी बोचली तर जनावर खंगलेले. खालची पापणी ओढून पाहायची. आत लाली हवी, पांढरटपणा असेल तर पोटात जंत. शेपटीखाली घाण चिकटलेली असेल तर ते हगवणीचे लक्षण, ते घ्यायचे नाही. विकणारा माणूस आपल्याच मालातले दोष ओळखायला गिऱ्हाइकाला शिकवतो आहे, हे माझ्या त्या वेळी ध्यानातसुद्धा आले नाही.

मला एक काळेभोर, तुकतुकीत कोकरू आवडले. आबांच्या कारभारणीने लांबूनच हात हलवला. "ती मादी हाय, पावणं. ती न्हाई इकायची. ती घरची लेक." मेंढीवर वाडा वाढतो, विकायचे ते नर. मग चार महिन्यांचा एक नर निघाला. आबांनी सात हजार सांगितले. भाच्याने साडेचार म्हटले. मी मध्ये पडून, शहरातल्या माणसाच्या त्या खास समजूतदार आवाजात, "आबा, आम्ही काय व्यापारी आहोत का? घरच्या जेवणाला हवंय," असे म्हणत साडेपाच हजारांवर आणले. आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "घेऊन जावा." मला फार बरे वाटले.

बरे वाटणे तासभर टिकले. भाच्याकडे पोती तोलायचा ताणकाटा आहे. पोरांनी गंमत म्हणून कोकरू त्याला टांगले. भरले सोळा किलो. मी आयुष्यभर बँकेत आकडे मांडले, सवय जात नाही. जिवंत वजनाच्या निम्म्याहून थोडे कमी मटण पडते, म्हणजे साडेसात किलो. तालुक्याला त्या दिवशी किलोला आठशे भाव होता. सहा हजार झाले. मुंडी, पाय, वजडी यांचे पाच-सहाशे वेगळेच. म्हणजे खाटकाकडे ज्या मालाला आम्ही साडेसहा हजार मुकाट्याने मोजले असते, तो आम्ही साडेपाचला आणला होता. खाटकाशी घासाघीस करायला आपल्याला लाज वाटते, तिथे पाटी असते, काटा असतो. धनगरापाशी पाटी नाही, काटा नाही. म्हणून तिथे आपली जीभ सुटते.

'थेट शेतकऱ्याकडून' घेण्याची हल्ली मोठी हौस आहे. आंबा थेट बागेतून, गूळ थेट गुऱ्हाळातून. मधला दलाल गेला की दोघांचेही भले होते, असे आपण म्हणतो. पण दलालाचे जे पैसे वाचतात ते कोणाच्या खिशात जातात, हे कोणी तपासून पाहिले आहे का? माझ्या सौद्यात ते सगळेच्या सगळे माझ्या खिशात गेले. दलाल निदान ट्रकचे भाडे भरतो, बाजारची पट्टी भरतो, वाटेत जनावर मेले तर तोटा सोसतो. मी यातले काही केले नव्हते, नफा मात्र त्याचाच घेतला.

आणि कोकराच्या पाठीमागे काय असते? मेंढी पाच महिने गाभण. त्यानंतर चार महिने आईचे दूध आणि पाला. या पट्ट्यात लांडगा आहे. रात्री रस्ता ओलांडताना भरधाव गाडी आली तर एका झटक्यात पाच-सात मेंढ्या जातात. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस टोचावी लागते, पीपीआरचीही टोचलेली असावी लागते, नाहीतर साथीत वाडा रिकामा होतो. पूर्वी लोकरीचे चार पैसे सुटत. दख्खनी मेंढीची लोकर भरड. तिची घोंगडी होतात, पण घोंगडी आता किती घरांत आहेत? कात्रणाची मजुरीही लोकरीतून निघत नाही, असे आबा सांगत होते. राहता राहिले कोकरू. वर्षाचे उत्पन्न त्या एका वस्तूवर उभे, आणि ती विकायची वेळही आपल्या हातात नाही. या वयाचे कोकरू चांगल्या चाऱ्यावर रोज शंभर ग्रॅमच्या आसपास वाढते. महिनाभर थांबले तर तीन किलो जास्त. हे आबांना माझ्यापेक्षा चांगले कळते. पण पोराची फी महिनाभर थांबत नाही, आणि व्यापाऱ्याला नेमके तेवढेच ठाऊक असते. २०१९च्या पशुगणनेत राज्यात मेंढ्या सुमारे सत्तावीस लाख भरल्या, शेळ्या कोटीच्या वर. खुद्द फलटणच्या निंबकर संस्थेने जुळी देणारी 'नारी सुवर्णा' मेंढी तयार केली आहे. त्यासाठी सुंदरबनातल्या लहानखुऱ्या गारोळ मेंढीचा गुण दख्खनी मेंढीत आणला. काम खरोखर मोठे आहे. पण एकाऐवजी दोन कोकरे झाली आणि दोन्ही अंदाजपंचे गेली, तर धनगराच्या हाती वाढीव काय लागणार?

म्हणून माझे म्हणणे इतकेच आहे की कोकरू वजनावर घ्यावे, आणि वाड्यावर घेतले तरी दुकानात पडते त्याच हिशेबाने पैसे द्यावेत. भाच्याला हे पटले नाही. "मामा, काट्यावर घ्यायचं ठरलं की लोक आधी मीठ चारून पाणी पाजतील," तो म्हणाला. पाजतीलही. दुधात पाणी घालतात म्हणून आपण दूध डोळ्यांनी मोजत नाही. आबांचा आक्षेप मात्र वेगळा होता आणि त्याचे उत्तर मला अजून नीट देता आलेले नाही. ते म्हणाले, "काट्यावर मोठं हाड भरतं. मग समदे माडग्याळी पाळतील. आमचं बारकं जनावर दुष्काळात तगतं, कोकणापत्तोर चालून येतं. ते काट्यावर दिसंल का?" जत भागातली ती वाकड्या नाकाची, उंचपुरी मेंढी अलीकडे सगळ्यांना हवी असते, आणि तिच्या मेंढ्यांच्या लाखांतल्या किमती वर्तमानपत्रांत छापून येतात. चिवटपणाला काटा नाही, हे खरेच. पण पैदाशीचे जनावर वेगळे आणि खाण्याचे वेगळे. निदान खाण्याच्या जनावराला तरी काटा लावायला हरकत नसावी.

रविवारी जेवण झाले. सकाळी मी हजार रुपये घेऊन वाड्यावर गेलो होतो. खंडोबाने बाणाईसाठी धनगरवाड्यावर चाकरी केली म्हणतात, मी नुसता एक नोट-पाकीट घेऊन उभा! कारभारणीने पैशांना हात लावला नाही. "येवहार झाला, आण्णा. आता ते पैसं भिकंचं व्हत्यात." मी ओशाळलो. मग तिनेच वाट काढली. दुपारी भाचा तालुक्याला जाणार होता, त्याला जंताच्या औषधाच्या बाटल्या आणायला सांगा, म्हणाली. पावसाआधी पाजायच्याच होत्या. बाटल्या आल्या, तिने मोजून घेतल्या आणि एक परत केली. ती जास्त होत होती.

यंदा वाडा पुन्हा त्याच रानात बसणार आहे. भाच्याला मी सांगून ठेवले आहे की काटा आधी आबांपुढे टांग आणि तालुक्याचा त्या दिवसाचा भाव विचारून घे, मगच कोकराला हात लाव. तो हो म्हणाला आहे. आबा काय म्हणतात ते अजून कळायचे आहे.