मुक्या वाडीचा इतिहास

फ्रान्समध्ये सोम नदीच्या मुलुखात, पोझिएर गावानजीक एक शेतवाडी आहे. तिचे नाव मूके! इतिहासकारांनी तिला खरोखरच मुकी ठेवली आहे. १९१६ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात तिच्यासाठी ऑस्ट्रेलियन, कॅनेडियन आणि ब्रिटिश पलटणी जर्मनांशी झुंजल्या. घर, गोठे, सारे जमीनदोस्त झाले. संशोधक येतात, पलटणींच्या रोजनिशा चाळतात, तळघरे कोणी जिंकली ते सांगतात आणि वाडीचा इतिहास लिहिला म्हणून मोकळे होतात!

अहो, पण तिथे नांगर कोणाचा चालत होता? गोठा कोणाचा गेला? १७ एप्रिल १९१९ च्या फ्रेंच कायद्यान्वये युद्धाने नागवलेल्यांनी भरपाईसाठी आपल्या नुकसानीच्या याद्या सरकारात दिल्या. शेताचा युद्धेतिहास त्या दप्तरांपासून सुरू झाला पाहिजे. सेनापतींचे युद्ध १९१८ साली संपले. शेतकऱ्याचे संपलेले नाही. त्या मुलुखात आजही नांगराच्या फाळाला न फुटलेले तोफगोळे लागतात.

वाचकहो, अशा शेताला नुसते रणांगण म्हणणे म्हणजे चार दिवसांच्या पाहुण्याच्या नावे सातबारा चढवणे होय!