पंधरा आणि पन्नासच्या मधली मोटार

मोटार घेणारा मनुष्य एका विशिष्ट कंपनीचा भक्त असतो आणि ती सोडून तो दुसरीकडे वळला म्हणजे काही मोठे स्थित्यंतर घडले, असे मोटार उत्पादकांच्या विक्री विभागांना वाटत असते. या निष्ठेची मोजदाद करण्यासाठी पाहण्या होतात, ती टिकावी म्हणून सवलती दिल्या जातात, ती ढळू लागली की जाहिरातींचा मारा सुरू होतो. परळी वैजनाथसारख्या गावात ही सारी मांडणी उलटी पडते. तिथला शिक्षक किंवा तहसील कचेरीतला लिपिक गाडी पाहायला निघतो तेव्हा गाडी कोणत्या कंपनीची, हा त्याचा पहिला प्रश्न नसतो. हिचे काम गावात कोण करतो आणि हिचे सामान कुठे मिळते, हे तो आधी विचारतो. ज्या मिस्त्रीवर त्याचा विश्वास असतो तो ज्या गाडीला हात लावायला राजी असेल ती गाडी त्याची. मिस्त्रीने मान हलवली की विषय तिथेच संपतो, मग त्या गाडीच्या बोनेटवरचे चिन्ह कितीही नामांकित असो. निष्ठा आहे, पण ती कंपनीवर नाही; गॅरेजवर आहे.

हा स्वभाव काही आजचा नव्हे. ज्या काळात भारतीय गिऱ्हाइकाला मोटारीच्या बाबतीत अत्यंत निष्ठावंत समजले जाई, त्या काळात त्याच्यापुढे पर्यायच नव्हते. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर, वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर कंपनीची कुर्ल्यात बनणारी फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड, एवढ्यावर यादी संपत असे. पैसे भरूनही वर्षानुवर्षे थांबावे लागे. 'ॲम्बॅसडरवाले' आणि 'फियाटवाले' यांच्यातील वाद त्या पिढीने हिरिरीने घातले. तथापि त्या वादांत प्रेमापेक्षा परवाना पद्धतीचा भाग मोठा होता. १९७१ साली परळीत औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच सुरू झाला, अभियंत्यांची वसाहत वाढली आणि या जंक्शनच्या गावात खासगी मोटारी दिसू लागल्या, तेव्हा त्याही याच दोन घराण्यांतल्या असणे अपरिहार्य होते. सामान्य नोकरदाराची धाव स्कूटरपर्यंतच होती, आणि तिच्यासाठीही नंबर लावावा लागे. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते ग्राहकाला देण्यात आली, आणि त्यानंतर काही वर्षांतच फियाटवाल्यांची निष्ठा कुठल्या कुठे गेली. तिच्यासाठी कोणी अश्रू ढाळले नाहीत. गाडी सकाळी पहिल्या प्रयत्नात चालू होते, एवढे कारण पुरेसे होते.

उलटपक्षी कंपन्यांनी गिऱ्हाइकाशी किती निष्ठा राखली, हा हिशेब क्वचितच मांडला जातो. देवू आली आणि गेली. शेव्हरोले हे नाव लावून गाड्या विकणाऱ्या जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातील विक्री बंद केली. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथले उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. प्रत्येक वेळी सुट्या भागांचा पुरवठा चालू राहील, अशी आश्वासने दिली गेली. मोठ्या शहरात राहणाऱ्याला त्यांचा काही उपयोग झालाही असेल. पण परळीच्या गाडीमालकाला एका दिव्यासाठी किंवा एका सेन्सरसाठी छत्रपती संभाजीनगर नाही तर पुणे गाठावे लागते, आणि तिथून 'मागवावा लागेल' एवढे ऐकून परतावे लागते. ॲम्बॅसडरचे उत्पादन मे २०१४ मध्ये थांबले. २०१७ साली तिचे केवळ नाव एका फ्रेंच कंपनीने ८० कोटी रुपयांना विकत घेतले. ज्या वस्तूचा कारखाना बंद पडला तिच्या नावाला ८० कोटी येतात, आणि तीच गाडी ज्याच्या दारात उभी आहे त्याला मात्र तिच्या भागांसाठी भंगार बाजार धुंडाळावा लागतो! अशा व्यवहारात गिऱ्हाईक कंपनी बदलत असेल तर त्याला चंचल कोणत्या तोंडाने म्हणायचे?

जुन्या मोटारीचे आकर्षण कशात आहे, हे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. महानगरांतील हौशी मंडळी रविवारी सकाळी चकचकीत केलेल्या जुन्या गाड्या रस्त्यावर काढतात, त्यांच्या मिरवणुका होतात, छायाचित्रे छापून येतात. त्यात गैर काहीच नाही. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली तेव्हा हळहळलेली माणसे खोटी नव्हती. परंतु मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी जुनी गाडी ही बहुधा घरात आलेली पहिली गाडी असते. ती पुण्याकडून येते. तिथल्या मालकाने पाच-सात वर्षे वापरून, नव्या मॉडेलच्या मोहाने किंवा खरोखरच्या गरजेने काढलेली मोटार दलालामार्फत या बाजूला उतरते. 'एमएच १२'च्या पाटीनिशी आलेल्या गाडीची ना हरकत प्रमाणपत्रे, अंबाजोगाईच्या परिवहन कार्यालयातले हेलपाटे आणि शेवटी हाती पडणारी 'एमएच ४४'ची पाटी, हा प्रवास परळीतल्या अनेक घरांना पाठ आहे.

तिचे कामही ठरलेले आहे. घरात कोणी रात्री अत्यवस्थ झाले तर पंचवीसेक किलोमीटरवरच्या अंबाजोगाईला, स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यायचे असते. जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या बीडला सप्टेंबर २०२५ पर्यंत रेल्वेच नव्हती, त्यामुळे जंक्शनच्या गावात राहूनही कचेरीच्या कामासाठी रस्त्याचाच आधार. मुलीला परीक्षेला सोडणे, शेतावर खताची दोन पोती नेणे, लातूरला लग्नाला जाणे ही कामे आहेतच. वर्षात जेमतेम चार-पाच हजार किलोमीटर धावणाऱ्या या गाडीसाठी आठ-दहा लाखांचे कर्ज काढणे हे ज्याचे वेतन ठरावीक आहे त्याला परवडणारे नाही, आणि परवडले तरी शहाणपणाचे नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हे खरे. तरीही हप्ता तो हप्ताच.

शिवाय जुन्या गाडीत आणखी एक गुण असतो, ज्याचा उल्लेख किंमतपत्रकात कधी होत नाही. ती समजते. कार्बोरेटर उघडून साफ करता येतो, क्लचची प्लेट बदलता येते, इंजिन कुठे आवाज करते ते कानाने ओळखता येते. नव्या गाडीचे दुखणे कळण्यासाठी संगणक जोडावा लागतो आणि तो संगणक अधिकृत केंद्राच्या ताब्यात असतो. दुरुस्तीची विद्या गावाच्या हातातून निघून कंपनीच्या हातात जाते, तेव्हा मालकाबरोबरच मिस्त्रीचीही दुर्दशा होते. बापाच्या हाताखाली पान्हा धरून शिकलेल्या मुलाला त्या विद्येचा बाजार उठल्याचे दिसते. हा तोटा कोणत्याही अर्थसंकल्पात नोंदला जात नाही.

आता या गाडीकडे कायदा कसा पाहतो? खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी पासिंग, आणि महाराष्ट्रात २०१० पासून त्यावर पर्यावरण कर. नूतनीकरणाचे जे शुल्क ६०० रुपये होते ते १ एप्रिल २०२२ पासून ५ हजार झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारींसाठी ते १० हजार करण्यात आले. मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झाले, तेव्हा वयापेक्षा तपासणीचा निकाल महत्त्वाचा, असे सांगण्यात आले होते. पण शुल्क तपासणीच्या निकालावर ठरत नाही, वयावरच ठरते. उत्तम राखलेली गाडी आणि धूर ओकणारी गाडी, दोघींना दंड सारखाच.

याहून मौजेची गोष्ट निराळीच आहे. त्याच २०२१ च्या जुलै महिन्यात केंद्राने 'व्हिंटेज' वाहनांसाठी नियम काढले. पन्नास वर्षांपेक्षा जुने, मूळ रूपात राखलेले वाहन हा देशाचा वारसा मानला जाईल; त्याला स्वतंत्र पाटी मिळेल, नवी नोंदणी २० हजार रुपयांत दहा वर्षांसाठी होईल. अट एवढीच की त्याने रोजचे काम करायचे नाही. प्रदर्शन, शर्यत, इंधन भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतेच रस्त्यावर यायचे. म्हणजे गाडी पंधरा वर्षांची झाली की ती ओझे, आणि पन्नासची झाली की ती वारसा. मधली पस्तीस वर्षे तिला कोणी वाली नाही. जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलेल्या मारुती ८०० च्या शेवटच्या गाड्यांना वारशाचा मान मिळण्यासाठी २०६४ उजाडावे लागेल. परळीतल्या गाडीला तोही मान मिळणार नाही, कारण जिवंत राहण्यासाठी तिने जे जे केले तेच तिच्या आड येईल. पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसवलेली जीप 'मूळ रूपात' कशी ठरणार? दिवाणखान्यातल्या म्हाताऱ्याला नमस्कार आणि शेतात राबणाऱ्या म्हाताऱ्याला दंड, असा हा न्याय आहे.

जुन्या गाड्यांविरुद्धचे आक्षेप पोकळ आहेत, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. २००० पूर्वीच्या गाडीचा धूर आणि एप्रिल २०२० नंतरच्या भारत सहा मानकाच्या गाडीचा धूर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नव्या मोटारीत पुढे दोन हवेच्या पिशव्या सक्तीच्या आहेत. जुन्या ८०० मध्ये अपघाताच्या वेळी चालकाची छाती आणि स्टिअरिंग यांच्यामध्ये काहीच नसते. परळीकराला तर धुराचे शास्त्र शिकवण्याची गरज नाही. पन्नासाहून अधिक वर्षे चिमणीच्या छायेत राहून, वाळत घातलेल्या कपड्यांवरची राख झटकत तो मोठा झाला आहे. तिथले ३० मेगावॉटचे पहिले संच गेले, २१० मेगावॉटचे तीन संचही निवृत्त झाले, आज २५० मेगावॉटचे तीन संच तेवढे उरले आहेत. यंत्राला निवृत्ती असते हे त्याला मान्य आहे. मात्र संच निवृत्त करताना त्याचा कोळसा किती, वीज किती, दुरुस्तीचा खर्च किती हे पाहिले जाते. जन्मतारीख ही त्यातली एक बाब असते. शिक्षकाच्या मोटारीसाठी एवढी चौकशी कोणी करत नाही.

नवे म्हणजे स्वच्छ, हे गृहीतकही तपासून घेतले पाहिजे. मराठवाड्याच्या रस्त्यांवर प्रवासी वाहतुकीत सर्रास दिसणाऱ्या तवेरा गाड्यांपैकी १ लाख १४ हजार गाड्या जुलै २०१३ मध्ये कंपनीला परत बोलवाव्या लागल्या. उत्सर्जनाच्या चाचण्यांत कंपनीच्याच माणसांनी फेरफार केल्याचे उघड झाले होते. २०१५ मध्ये फोक्सवॅगनने जगभर तेच केल्याचे सिद्ध झाले आणि मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्या कंपनीला ५०० कोटींचा दंड ठोठावला. या गाड्या शोरूममधून बाहेर पडल्या तेव्हा कोऱ्या होत्या.

अलीकडे आणखी एक फास आवळला गेला आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. एप्रिल २०२३ पासून बनणाऱ्या गाड्यांतील साहित्य या मिश्रणाला टिकेल असे असते. त्याआधीच्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि गॅस्केट यांच्याविषयी अशी हमी नाही. साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकीचे मायलेज सहा-सात टक्क्यांनी घटेल, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच नमूद होते. इथेनॉलला विरोध करणे बीड जिल्ह्याला शोभणारे नाही. इथली लाखो माणसे दर हंगामात कोयता घेऊन ऊस तोडायला बाहेर पडतात. उसाला आणखी एक गिऱ्हाईक मिळाले तर त्यांचे पोट त्यावरच आहे. परंतु पंपावर जुन्या गाडीसाठी वेगळी नळी ठेवली गेली नाही, आणि नळी फुटली तर तिचा खर्च कोणाच्या खाती, हेही सांगितले गेले नाही.

या सगळ्यावर करता येण्याजोगे असे काही आहे काय? आहे, आणि त्यासाठी मोठ्या क्रांतीची आवश्यकता नाही. नूतनीकरणाचे शुल्क धुराच्या आणि ब्रेकच्या तपासणीशी जोडावे; जी गाडी नापास होईल तिने खुशाल मोडीत जावे, जी पास होईल तिच्याकडून वयाचा दंड घेऊ नये. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये जे संकेतस्थळ उघडले त्यात मोटारींचाही समावेश आहे. पण माहिती द्यावी असे सांगणे आणि सुटे भाग अमुक वर्षे मिळालेच पाहिजेत असे बजावणे, यांत अंतर आहे. देश सोडून जाणाऱ्या कंपनीने जाताना भागांचा साठा आणि दुरुस्तीची साधने खुल्या बाजाराला द्यावीत, ही अट परवाना देतानाच घालता येते. नव्या गाड्यांचे दुखणे शोधणारा संगणक तालुक्याच्या मिस्त्रीलाही विकत मिळावा, आणि तो वापरण्याचे शिक्षण गावोगावच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत द्यावे. एवढे झाले तर परळीचा लिपिक दहा वर्षांनी आजची नवी गाडी जुनी म्हणून विकत घेऊ शकेल. तोवर गाडी पाहायला जाताना तो मिस्त्रीला बरोबर नेईल आणि बोनेट उघडण्यापूर्वी त्याच्या चेहऱ्याकडे पाहील.