कुलूप साडेचार हजारांचं, स्क्रू पाऊण इंची

साडेचार हजारांचं कुलूप एका झटक्यात पसंत करणारं गिऱ्हाईक स्क्रूच्या पुडीपाशी येऊन अडतं. रविवार पेठेतल्या आमच्या हार्डवेअरच्या दुकानात हे मी रोज बघते. ‘कुलपासोबत पाऊण इंची स्क्रू आलेत की, तीन इंची वेगळे कशाला?’ मी सांगते, बजेट तुटत असेल तर कुलूप एक पायरी खालचं घ्या. पण स्क्रू, चौकटीवरची बोल्ट शिरतो ती पाटी आणि चौकट यांत कसर नको. दुकानदारीण कमी किमतीचं कुलूप घ्या म्हणते, यावर बऱ्याच जणांचा विश्वासच बसत नाही.

घरफोडीच्या बातम्या आठवून बघा. कडी-कोयंडा उचकटून, कुलूप तोडून, दार फोडून. चोरट्याने तार घालून हळूच कुलूप उघडलं, असं क्वचितच वाचायला मिळतं. ती विद्या असलेली माणसं वेगळी. 1851 साली लंडनला मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं, तेव्हा आल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने चब कंपनीचं नामांकित कुलूप 25 मिनिटांत उघडून दाखवलं. ब्रामा कंपनीच्या कुलपाला मात्र त्याला 16 दिवसांत मिळून 50 तासांवर वेळ लागला. आपल्याकडच्या चोराला इतकी सवड कुठली? तो कटावणी दार आणि चौकटीच्या फटीत घालतो आणि अंग टाकतो. त्या वेळी सिलिंडरमध्ये किती पिना आहेत याला काडीची किंमत नसते. बोल्ट चौकटीत किती खोल गेलाय आणि त्याभोवतीचं लाकूड तग धरतंय का, एवढाच प्रश्न उरतो.

म्हणून आधी डेडबोल्ट म्हणजे काय ते बघू. ‘निघताना लॅच ओढून घे’ ही आपली सवय. लॅचची जीभ तिरकी आणि स्प्रिंगवर चालणारी, त्यामुळे दार ओढलं की आपोआप लागतं. पण साध्या लॅचची हीच तिरकी जीभ फटीतून प्लॅस्टिकचं कडक कार्ड सरकवून मागेही ढकलता येते. डेडबोल्ट सरळ, चौकोनी किंवा गोल दांडा असतो. त्याला स्प्रिंग नाही. चावी किंवा आतली मूठ फिरवल्याशिवाय तो पुढेही येत नाही आणि मागेही जात नाही. दुकानात कुलूप हातात घ्या, बोल्ट पूर्ण बाहेर काढा आणि अंगठ्याने टोक जोरात दाबा. तसूभरही मागे सरकला, तर ते कुलूप काउंटरवरच ठेवा.

बोल्ट निदान एक इंच, म्हणजे 25 मिलिमीटर बाहेर यायला हवा. अमेरिकेत वरच्या ग्रेडचा डेडबोल्ट एवढाच असतो. पण कुलपाबाहेर एक इंच आला म्हणजे चौकटीत एक इंच गेला असं नव्हे. मधली फट वजा करा. शिवाय चौकटीतली खाच उथळ असली तर बोल्ट अर्ध्यातच अडतो, आपण मात्र चावी फिरली म्हणून निर्धास्त. बोल्टच्या टोकाला पांढरा खडू फासा, दार लावा आणि चावी फिरवा. मग दार उघडून खाचेत बघा. तळाला खडू लागला असेल तर खाच उथळ आहे. सुताराकडून पटाशीने खोल करून घ्या. पावसाळ्यात दार फुगतं किंवा बिजागऱ्या ढिल्या होऊन उतरतं, तेव्हा हीच परीक्षा पुन्हा करायची. त्या दिवसांत सुतार पाटीचं भोक कानशीने मोठं करून देतो. चावी लोण्यासारखी फिरते, घरचे खूश होतात, पण बोल्ट भोकात खुळखुळायला लागतो. खरं काम बिजागरीचं असतं.

आता ती पाटी, जिला कंपन्या स्ट्राइक प्लेट म्हणतात. बहुतेक पाकिटांत ती पत्र्याची आणि पाऊण इंची स्क्रूंची येते. एवढा स्क्रू चौकटीच्या वरच्यावर बसतो. कटावणीच्या दोन हिसक्यांत लाकडाची ढलपी निघते आणि शाबूत कुलपासकट दार उघडतं. जाड लोखंडी पाटी घ्या आणि तीन इंची स्क्रू चौकटीतून पार भिंतीत जाऊ द्या. जुन्या वाड्यांत सागवानी चौकटी हाताच्या पंजाएवढ्या जाड, तिथे चिंता कमी. नव्या इमारतीत चौकट बारीक आणि मागची भिंत हलक्या ब्लॉकची, ज्याला मिस्त्री सरसकट सिपोरेक्स म्हणतात. त्यात नुसता स्क्रू धरत नाही, लांब फ्रेम-फास्टनर लागतो. भोक पाडणाऱ्याला हे आधीच सांगा, नाहीतर तो हातातला स्क्रू हातोडीने ठोकून मोकळा होतो. (स्क्रू ठोकणारा कारागीर दिसला की माझं डोकं फिरतं, ते असो.)

दाराची जाडीही बघा. 30 मिलिमीटरच्या फ्लश डोअरला पोखरून मॉर्टिस कुलूप बसवलं, तर नेमकी कुलपाची जागाच पोकळ होते. तिथे दाराच्या आतल्या अंगावर बसणारं, दोन-तीन बोल्टचं कुलूप बरं.

सिलिंडरचं थोडक्यात. तो बाहेरच्या प्लेटच्या पुढे 3 मिलिमीटरहून जास्त डोकावत असेल, तर पकडीने धरून मोडता येतो. ड्रिल अडवणाऱ्या कडक पोलादी पिना असाव्यात. खड्ड्याखड्ड्यांची ‘कॉम्प्युटर चावी’ चांगलीच, पण कोपऱ्यावरचा चावीवाला तिचीही नक्कल करून देत असेल तर जादा पैसे कशाचे मोजले? कुलपासोबत मिळालेलं कार्ड दाखवल्याशिवाय कंपनी डुप्लिकेट चावी देत नाही, असं कुलूप मागा. आणि दोन्ही बाजूंनी चावी लागणारा डेडबोल्ट राहत्या घराला मी विकतच नाही. रात्री आग लागली तर धुरात आजोबांनी चावी शोधायची का? आतून मूठच हवी.

बोटाच्या ठशाच्या कुलपांची सध्या चलती आहे. घ्या, पण आधी त्याचा बोल्ट मोजा. आणि भांडी-धुण्याने झिजलेल्या बोटांचा ठसा ते ओळखतं का, हे घरातल्या मोठ्या बाईला दुकानात आणून बघा.

सेफ्टी डोअरला बाहेरून भलंमोठं कुलूप लटकवून गावाला जाणं मात्र सोडा. घरात कोणी नाही, याची ती पाटीच. डेडबोल्ट लागलाय की नाही, हे बाहेरून कळत नाही.

माझी खरी तक्रार बिल्डर मंडळींशी आहे. महारेराच्या नमुना करारात फिटिंग आणि लिफ्टचा ब्रँड किंवा किंमत लिहायला परिशिष्ट आहे. नळ कोणत्या कंपनीचा हे गिऱ्हाईक तिथे बोट ठेवून विचारतं. मुख्य दाराची जाडी किती, चौकट कोणत्या लाकडाची, ती भिंतीत कशी धरली आहे, हे कोणी विचारत नाही, म्हणून कोणी लिहीतही नाही. करारावर सही करण्याआधी या तीन गोष्टी त्या परिशिष्टात लिहून घ्या. रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं कामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरची असते, पण कागदावर काय ठरलं होतं हे दाखवता आलं तरच भांडायला जोर येतो.

आणि कुलूप घ्यायला बाहेर पडाल, तेव्हा दाराची जाडी, दार-चौकटीतली फट आणि चौकटीची रुंदी मोजून आणा, मोबाइलमध्ये दाराच्या कडेचा एक फोटो काढून आणा. ‘मेन डोअरचं चांगलं लॉक द्या’ एवढ्यावर कोणताही दुकानदार तुम्हाला सर्वांत महागडं कुलूपच दाखवणार.