पन्हाळ्याची उंची

पन्हाळा महाबळेश्वराइतका उंच नाही, एवढे साधे वाक्य कोल्हापुरातील आठवी-नववीच्या वर्गात इंग्रजीत करावयास सांगितले, तर निम्म्याहून अधिक वह्यांत ‘लेस हाय’ किंवा त्याहून विपरीत असे ‘लेस हायर दॅन’ सापडते. आणि ज्या विद्यार्थ्यांचे व्याकरण पक्के आहे ते ‘लोअर दॅन’ लिहून मोकळे होतात.

पहिली चूक उघड आहे. ‘लेस’ हा शब्द ‘डिफिकल्ट’, ‘एक्स्पेन्सिव्ह’ अशा लांब विशेषणांच्या मागे सुखाने नांदतो, पण ‘हाय’, ‘टॉल’, ‘बिग’ या आखूड विशेषणांना तो सहसा मानवत नाही. तेथे इंग्रजी माणूस ‘नॉट ॲज हाय ॲज’ असेच म्हणतो. होकारात ‘ॲज’ आणि नकारात ‘सो’ हा जुन्या व्याकरणकारांचा दंडक आता शिथिल झाला असून दोन्ही रूपे शुद्ध मानली जातात. शिवाय मराठीतील ‘नाही’ वाक्याच्या अखेरीस येते आणि इंग्रजीतील ‘नॉट’ विशेषणाच्याही आधी उभे राहते, त्यामुळे इतर सर्व शब्द हाती असूनही त्यांच्या क्रमापाशी मुलांची लेखणी अडते.

‘लोअर दॅन’ची गोष्ट मात्र निराळी, कारण ते व्याकरणदृष्ट्या निर्दोष आणि वस्तुस्थितीस धरून असूनही मूळ वाक्याशी इमान राखत नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० फूट आणि पन्हाळा ३,००० फुटांहून किंचित अधिक. परंतु पन्हाळ्यास सखल म्हणण्याचे धाडस त्याच्या तटावर उभा राहिलेला कोणता कोल्हापूरकर करील? ‘इतका नाही’ म्हणताना आपण केवळ बरोबरी नाकारतो, उंची नाकारीत नाही. हा सौजन्याचा सूक्ष्म भेद दोन्ही भाषांत आहे, आणि ‘डिग्री बदला’ या परीक्षेतील ठरावीक प्रश्नाने नेमका तोच पुसला जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

वास्तविक नकारात्मक तुलनेत मराठी माणूस मुळीच दरिद्री नाही. तालमीत वस्ताद एखाद्या पठ्ठ्याविषयी ‘हा त्याच्या तोडीचा नाही’ म्हणतो, घरात आजी ‘आईच्या हाताची सर नाही’ म्हणते, आणि अगदीच तफावत असेल तेव्हा ‘त्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ हा फारसीतून आलेला शब्दप्रयोग मदतीस धावतो. पासंग म्हणजे तराजूची दोन पारडी समतोल नसली तर हलक्या बाजूस बांधावयाचे लहानसे वजन. ज्याची योग्यता तेवढ्या वजनाइतकीही नाही, त्याची तुलना काय करावयाची! तोडीचा नसणे, सर नसणे आणि पासंगाला न पुरणे या तीन पायऱ्या ज्या मुलास उपजत कळतात, त्यास ‘नॉट क्वाइट ॲज’ आणि ‘नॉट निअरली ॲज’ यांतील अंतर समजावण्यास कितीसा वेळ लागेल?

मात्र मराठीची सवय एका जागी घात करते. ‘तो भावापेक्षा अधिक प्रामाणिक नाही’ याचे इंग्रजी कोणी ‘नो मोअर ऑनेस्ट दॅन’ असे केले, तर त्या वाक्याने भाऊही अप्रामाणिक ठरतो. तेथे ‘नॉट मोअर’ हवे. सरकारी पत्रव्यवहारात अशी एका अक्षराची गफलत एखाद्याच्या चारित्र्यावर शेरा ठरू शकते. उलट ‘गोविंद रामासारखा उंच नाही’ या आपल्याच वाक्यात राम उंच आहे की दोघेही ठेंगणे, हे संदर्भावाचून ठरत नाही. इंग्रजीत उतरवताना ही संदिग्धता प्रथम ध्यानात येते, आणि मराठी अधिक काटेकोर लिहिण्याचा लाभ पदरी पडतो.

न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांचे शालेय शिक्षण याच कोल्हापुरात झाले, आणि तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेवर पुढच्या कित्येक पिढ्यांनी आपले इंग्रजी घासूनपुसून घेतले. आज भाषांतराचा तास बहुतेक शाळांतून हद्दपार झाला आहे. शिक्षकबंधूंस आणि भगिनींस माझी विनंती एवढीच, की ‘डिग्री’चे कोष्टक फळ्यावर मांडण्यापूर्वी ‘इतका नाही’ची दहा मराठी वाक्ये मुलांकडूनच काढून घ्यावीत आणि ती इंग्रजीत करवून घ्यावीत.