गरम पाण्याची धार, गार पाण्याचा जोर



दिवाळी तोंडावर आली की इंग्लंडमधल्या आपल्या मराठी मंडळाच्या फोनवर फराळाच्या चौकशीबरोबर आणखी एक तक्रार हमखास येते: गरम पाण्याला जोर नाही. अभ्यंगस्नानाच्या सकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं आणि शॉवरमधून करंगळीएवढी धार. पाणी चांगलं कढत असतं, पण येत नाही. मग कुणीतरी सांगतं, गरम पाण्याचा सिलिंडर जुना झालाय, बदलून टाका. त्यात मोठा खर्च होतो, आणि नवा सिलिंडर बसल्यावरही धार तेवढीच राहते, असं आपल्याच काही घरांत झालं आहे. हे टाळता येण्यासारखं आहे, म्हणून या अंकाचं संपादकीय याच विषयावर.

मागच्या हिवाळ्यात एका सभासदांकडे बेल्याहून आजोबा आले होते. बेला हे आदिलाबाद जिल्ह्यातलं, पैनगंगेच्या दक्षिणेचं गाव. नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा.  बेल्याचा भाग आज तेलंगणात आहे. तिथल्या कितीतरी घरांत बोली मात्र मराठीच आहे. थंडीही तिकडे कडक पडते. डिसेंबर-जानेवारीत आदिलाबादचा पारा कधी कधी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, त्यामुळे पहाटेच्या गरम पाण्याचं मोल आजोबांना सांगायला नको.

त्या घरीही गरम पाण्याची धार बारीक झाली होती, म्हणून मुलगा आणि सून हीटरचं बटण, थर्मोस्टॅट, बॉयलर तपासत होते. आजोबांनी कपाटातला तो उंच पांढरा सिलिंडर नीट पाहिला आणि विचारलं, ‘‘यात गार पाणी कुठून येते? गार टाकल्याबिगर गरम बाहेर कसं येईन?’’ त्यांच्या घरी पूर्वी तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी. नरसाळ्यातून गार पाणी ओतलं की ते तळाशी जाई आणि वरचं तापलेलं पाणी तोटीतून बाहेर पडे. जेवढं ओताल तेवढंच मिळेल.

आपल्या घरांतला हा ‘अनव्हेंटेड’ सिलिंडरही नेमका असाच चालतो. फरक एवढाच, की नरसाळ्याच्या जागी रस्त्यावरची पाण्याची लाइन थेट जोडलेली असते. जुन्या इंग्रजी घरांत माळ्यावर गार पाण्याची टाकी असे आणि तिच्या उंचीमुळे गरम पाणी खाली येई. इथे टाकी नाही. गरम पाण्याला स्वतःचा असा जोर नसतो, मागून शिरणारं गार पाणी त्याला ढकलतं. म्हणून धार बारीक झाली तर आधी गार पाण्याचा माग काढायचा.

आजोबांनी सुनेला तीन नळ उघडायला लावले. स्वयंपाकघरातलं गार पाणी जोरात आलं. बाथरूममधलं गरम पाणी मंद, आणि तिथलं गार पाणीही तितकंच मंद. निदान जवळजवळ इथेच झालं. कारण बऱ्याच घरांत स्वयंपाकघराचा गार नळ थेट मुख्य लाइनवर असतो, तर सिलिंडर आणि बाथरूमचं गार पाणी हे दोन्ही दाब कमी करणाऱ्या एकाच व्हॉल्व्हमधून पुढे जातात. हा व्हॉल्व्ह रस्त्यावरचा दाब साधारण तीन बारवर, म्हणजे तीस मीटर उंचीवरच्या टाकीतून मिळेल तेवढ्यावर, आणून ठेवतो. माळ्यावरच्या टाकीतून मिळणारा दाब त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. त्या व्हॉल्व्हच्या आत किंवा अलीकडे एक बारीक जाळी असते. प्लंबरने ती काढून मुलाच्या हातावर ठेवली तेव्हा पोलादी जाळी दिसतच नव्हती. वाळूचे कण, गंजाचे पापुद्रे आणि वॉशरचे काळे रबरी तुकडे यांनी ती गच्च भरली होती. आदल्या शरद ऋतूत त्यांच्या रस्त्यावरची पाण्याची लाइन बदलली होती. जाळी धुऊन परत बसवली आणि दोन्ही नळ पूर्वीसारखे धो धो सुरू झाले.

त्याच घरी बाथरूमचं गार पाणी जोरात आणि फक्त गरम मंद असतं, तर दोष पुढे शोधावा लागला असता: सिलिंडरच्या तोंडाशी अडकलेला एकदिशा व्हॉल्व्ह, बाहेर पडणाऱ्या नळीत साचलेले क्षार, किंवा गरम-गार मिसळणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह, ज्याला स्वतःच्या छोट्या जाळ्या असतात. एकाच नळाची तक्रार असेल तर सिलिंडरकडे बघूच नका. नळाच्या तोंडावरची गाळणी काढा, नळाखालचा पाणी बंद करायचा कॉक पूर्ण उघडा आहे का ते पाहा. दुरुस्ती करून गेलेला माणूस तो अर्धवट फिरवून ठेवतो, हे फार वेळा घडतं.

क्षारांचा मुद्दा इथे आणि आजोबांच्या गावाकडे सारखाच आहे. लंडन आणि आग्नेय इंग्लंडच्या जमिनीखाली खडूचे थर आहेत, पैनगंगेच्या खोऱ्यात आदिलाबादजवळ चुनखडी आहे, म्हणूनच तिथे सिमेंटचा कारखाना उभा राहिला होता. दोन्हीकडचं पाणी तापवलं की पांढरा थर धरतं.

आता एक मोजणी, जी प्रत्येकाने घरी करावी. दहा लिटरची बादली घ्या, घरातले बाकी सगळे नळ बंद करा, स्वयंपाकघराचा गार नळ पूर्ण उघडा आणि बादली भरायला लागणारे सेकंद मोजा. अर्ध्या मिनिटात भरली तर मिनिटाला वीस लिटर, आणि अशा सिलिंडरला साधारण एवढा पुरवठा असावा लागतो. पूर्ण मिनिट लागलं तर दोन शॉवर एका वेळी चालणं अवघडच. तेव्हा दोष सिलिंडरचा नसून घरात येणाऱ्या पाण्याचा आहे: बारीक जुनी नळी, शेजाऱ्यांबरोबर सामाईक लाइन, किंवा मुख्य कॉक अर्धा उघडा. हीच मोजणी सकाळी सातला आणि रात्री उशिरा करून पाहा, फरक दिसेल. नळ उघडताच क्षणभर जोरात पाणी येऊन मग धार बारीक होत असेल, तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे असं समजा. नळ बंद असताना दाबमापकावर दिसणारा आकडा अशा वेळी फसवतो, कारण अडथळा वाहत्या पाण्यालाच जाणवतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. निदान तुम्ही करा, सिलिंडरला हात तुम्ही लावू नका. इंग्लंडच्या बांधकाम नियमांत जी-3 नावाचं कलम यासाठीच आहे. बंद भांड्यात दाबाखाली तापलेलं पाणी ही खेळण्याची वस्तू नाही, आणि म्हणूनच साधारण 90 ते 95 अंशांना उघडणारा सुरक्षा व्हॉल्व्ह तिथे बसवलेला असतो. त्याच्या खालच्या उघड्या पेल्यातून पाणी टपकताना दिसलं तर धार बरी असली तरी त्याच दिवशी जी-3 पात्रता असलेल्या माणसाला बोलवा. आल्यावर त्याला ‘गरम पाणी कमी येतं’ एवढंच सांगू नका. कुठला नळ मंद, कुठला जोरात, बादलीला किती सेकंद लागले, रस्त्यावर काम केव्हा झालं, हे कागदावर लिहून द्या. प्रामाणिक माणसाचा वेळ वाचतो, आणि विनाकारण नवा सिलिंडर गळ्यात मारणाऱ्यालाही उत्तर देता येतं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये पाणी कंपनीवर रस्त्यावरच्या जोडणीत किमान 0.7 बार दाब ठेवण्याचं बंधन आहे. एका घराची तक्रार बाजूला पडू शकते, एकाच गल्लीतल्या पाच घरांची पडत नाही. म्हणून दिवाळीआधी आपल्या घरची मोजणी, वेळ आणि भाग एवढं मंडळाच्या पत्त्यावर कळवा. शेजारी मराठी नसले तरी त्यांनाही सामील करून घ्या. आकडे एकत्र आले की ज्या ज्या भागात पाणी कमी पडतंय तिथल्या सभासदांच्या नावाने मंडळ कंपनीला पत्र लिहील.